चेहरा शेवटी

ऑकलंडजवळच्या पापाकुरातल्या आमच्या औषधांच्या दुकानात लोक उरलेली औषधं परत आणून देतात. बहुतेकदा डॉक्टरांनी डोस बदललेला असतो, कधी गोळी सोसलेली नसते. तिसरं कारणही असतं, आणि इतकी वर्षं काउंटरमागे उभं राहिल्यावर ते पिशवी ठेवण्याच्या पद्धतीवरूनच कळतं. सहा आठवड्यांपूर्वी एमीने दोन्ही हातांनी एक कागदी पिशवी माझ्यासमोर ठेवली आणि ती किंचित वाकली. वरच्याच डबीवर मी छापलेलं लेबल होतं. सुमिए ओकुनो, रोज सकाळी एक. "आई शुक्रवारी गेली, झोपेतच," एमी म्हणाली. मी "आय ॲम सो सॉरी" म्हणाले आणि ती पिशवी कपाटात ठेवायची सोडून कितीतरी वेळ हातात धरून उभी राहिले.

सुमिएसान चित्रकार होत्या आणि निबंधही लिहायच्या. क्योटोत एका कडक गुरूंच्या हाताखाली त्या जुन्या पद्धतीची चित्रकला शिकल्या. खनिजांची रंगीत पूड सरसात कालवायची आणि जाड जपानी कागदावर थरावर थर चढवायचे, अशी ती पद्धत. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीपायी त्या ऑकलंडला आल्या आणि नवरा गेल्यावरही इथेच राहिल्या. इथल्या गॅलरीवाल्यांना त्यांच्याकडून चेरीची फुलं आणि बगळे हवे होते. बाई मात्र रंगवायच्या पत्र्याची गंजलेली शेड, कोपऱ्यावरच्या डेअरीबाहेरची, म्हणजे इथल्या किरकोळ दुकानाबाहेरची, आइस्क्रीमची पाटी, कुणाच्या तरी दारात उलटसुलट पडलेले जँडल्स, म्हणजे रबरी चपला. इकडचे म्हणत, हे पुरेसं जपानी नाही. तिकडचे म्हणत, हे आता आपलं राहिलं नाही. "म्हणजे बरोबर चाललंय," असं म्हणून त्या तोंडावर हात धरून हसायच्या. चित्रं फारशी खपली नाहीत. निबंध मात्र टोकियोच्या एका मासिकात वर्षानुवर्षं येत राहिले.

दोन्हींसाठी त्यांचा एकच नियम होता. समोर आहे ते रंगवायचं, निघून गेलं की लिहायचं. फोटोवरून चित्र नाही, आठवणीवरून तर नाहीच. डेअरी उघडी होती तोवर तिची पाटी रंगवली, बंद पडली तेव्हा तिच्यावर निबंध लिहिला. नवऱ्याची चित्रं ढीगभर होती, पण तो गेल्यावर एकही नाही. त्याच्यावर मग निबंध लिहिले. मला हा सगळा कलावंतांचा चोचला वाटायचा... माझ्यावर वेळ येईपर्यंत.

माझे बाबा पुण्यात गेले तेव्हा कोविडमुळे इथल्या सीमा बंद होत्या. त्यांचं शेवटचं दर्शन मी फोनवर घेतलं, तेही अडकत अडकत. वर्षभराने त्यांचा एक चांगला फोटो घेऊन मी सुमिएसानकडे गेले. म्हटलं, हे माझे वडील, यांचं चित्र करून द्या. त्यांनी फोटो दोन्ही हातांनी घेतला, बराच वेळ पाहिला आणि तसाच दोन्ही हातांनी परत दिला. "मी यांना पाहिलं नाही. तू पाहिलंस. तू लिही." आमचं बोलणं दोघींच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत चालायचं, त्यामुळे नकाराला गुंडाळायला शब्दच नव्हते. माझा राग तर नाकाच्या शेंड्यावर! "लिहिता येत असतं तर तुमच्या दारात कशाला आले असते?" असं म्हणून मी निघून आले. पुढचे चार महिने मी त्यांच्याशी फक्त गोळ्यांबद्दल बोलले. जेवणाआधी, जेवणानंतर, एवढंच.

शेवटी त्या स्वतःच दुकानात आल्या. मागे रांग होती, पण त्यांनी घाई केली नाही. "वडील जमणार नाहीत. पण तू आहेस. येऊन बस," म्हणाल्या. मग मी दोन रविवार बसले. बसण्यापलीकडे काहीच करायचं नसतं हो, आणि तेच अवघड असतं. त्या मधल्या बोटाने छोट्या पांढऱ्या वाटीत रंग कालवायच्या आणि बघायच्या. असं कुणी बघत बसलं की माणसाला लपायला जागा उरत नाही. पहिल्या रविवारी मी दुकानातल्या गमती सांगितल्या. दुसऱ्या रविवारी कशावरून कोण जाणे, बाबा संत्रं सोलून शिरा काढत बसायचे ते सांगायला लागले आणि मांडीवरचे हात आपोआप घट्ट एकमेकांत अडकले. सुमिएसाननी ब्रश थांबवला नाही. निघताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी चेहरा. चेहरा शेवटी असतो."

आणि मी गेले नाही. "पुढच्या रविवारी नक्की," असा मेसेज टाकला. मग लेकीची नेटबॉलची मॅच आली, मग सँडरिंगहॅमच्या देशी दुकानांतून सामान आणायचं होतं, मग पाहुणे होते. यातलं एकही कारण खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. त्या खुर्चीत बसलं की रडू येणार हे मला कळून चुकलं होतं. बाबांसाठी मी रडले नव्हते. कामाला जुंपून घेतलं होतं आणि तेच मला सोयीचं होतं. सुमिएसान दुकानात यायच्या, मी औषध द्यायचे आणि तोंडावर सांगायचे, पुढच्या रविवारी नक्की. आपल्यात 'नक्की' म्हणजे काय ते दोघांनाही माहीत असतं. त्या मात्र मान लववून "थँक यू" म्हणायच्या.

अंत्यविधीनंतर एमीने घरी बोलावलं. कामाच्या खोलीत चित्र टेकवून ठेवलं होतं. माझा निळा कुर्ता, मांडीवर एकात एक अडकवलेले हात, अंगठ्याजवळचा भाजल्याचा डागसुद्धा. आणि मानेच्या वर कोरा कागद. हल्ली ते आमच्या बैठकीच्या खोलीत आहे. लेक म्हणते, "मम, जस्ट गेट समवन टु फिनिश इट." मी नाही म्हणते. ज्यांनी पूर्ण करायचं त्या तयार होत्या, मीच नव्हते.

"सरस टिकत नाही, माहीत आहे ना?" त्या दिवशी कामाच्या खोलीत एमीने विचारलं. मला माहीत नव्हतं. तो आदल्या संध्याकाळी भिजत घालायचा, सकाळी मंद आचेवर विरघळवायचा आणि लगेच वापरायचा. उरला तर टाकून द्यायचा. "आई दर शनिवारी भिजत घालायची. मी म्हणायचे, अगं, ती येणार नाही. तर म्हणायची, नक्की म्हणालीय."

मी खाली बसले, जमिनीवरच. तेवढ्यात एमीने खणातून एक वही काढली. शेवटचा निबंध अपुरा होता, पण तो माझ्यावर होता. मला आधी बरं वाटलं, अगदी खरं सांगते. मग नियम आठवला. जे निघून गेलं त्याच्यावरच त्या लिहायच्या. मी तर दहा मिनिटांच्या अंतरावर होते.

एमी एकेक वाक्य मनात वाचून मला इंग्रजीत सांगत होती. "पुढच्या रविवारी नक्की असं म्हणताना तिची डावी भुवई थोडी वर जाते. भुवईला ठाऊक असतं की ती येणार नाही. पण तिला स्वतःला ते ठाऊक नसतं, आणि ती मनापासून म्हणते. म्हणून मी सरस भिजत घालते."

एमी थांबली. माझ्याकडे बघून तिने वही मिटली. "अजून तीन पानं आहेत. आज नको का? पुन्हा कधी येशील तेव्हा वाचू."

"हो, पुढच्या..." मी म्हणाले, आणि माझी भुवई मला जाणवली.

"नको. आत्ताच वाच," मी म्हटलं, आणि चित्रासाठी बसायचे त्याच खुर्चीत जाऊन बसले.