गुरुजींचा गळा

"मॅडम, जीव गेला तरी बेहत्तर, पण गळा सांभाळा."

"अहो गुरुजी, जीव गेल्यावर नुसता गळा काय चाटायचाय?" मी फटकारलंच. माझ्या तोंडाला लगाम म्हणून नाही.

पंचवटीतले हे पुरोहित पित्ताशयाच्या ऑपरेशनला आले होते आणि भूल मी द्यायची होती. मान आखूड, जाड. झोपेचं विचारलं तर ऐटीत म्हणाले, "पाठ टेकली की घोरायलाच लागतो!" त्यांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, "मधेच आवाज बंद पडतो हो. मी हलवते, मग श्वास घेतात." इतकी वर्षं ही बाई नवऱ्याला हलवून हलवून जगवत होती, आणि घरात सगळे त्याला गाढ झोप म्हणत होते!

अशा माणसाला आधी भूल दिली तर घसा मिटतो. मग श्वासाच्या नळीला वाट सापडली नाही तर संपलंच. म्हणून जागेपणीच नळी घालायचं ठरवलं. घसा बधिर केला, नाकातून बारीक दुर्बीण आत सरकवली आणि म्हटलं, "गुरुजी, संकल्प सांगायच्या आधी घेता ना, तसा लांब श्वास घ्या."

त्यांनी घेतला. पडद्यावर स्वरयंत्राच्या दोन पांढऱ्या पट्ट्या सावकाश बाजूला झाल्या, पहाटे गाभाऱ्याचं दार उघडतं तशा. आई गं! असे गळे बघण्यातच माझा जन्म गेला, पण हा बघताना माझाच श्वास अडकला. गोदेच्या काठी परक्यांच्या पूर्वजांची नावं घेत अख्खा घाट दणाणून सोडणारा आवाज एवढ्याशा फटीतून निघतो! न राहवून पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांचे डोळे भरले. मग नळी आत गेली आणि त्यांना झोपवलं.

खरी परीक्षा नळी काढताना. सर्जन घाई करत होते, त्यांनाही गप्प केलं. गुरुजी पुरते शुद्धीवर आल्यावर, बसतं करूनच नळी काढली. काहीच आवाज नाही. नाकासमोर तळहात धरला, तर ऊन श्वास लागला. हुश्श!

गुरुजींचे ओठ हलले. फाटक्या आवाजात त्यांनी विचारलं, "मॅडम, ते मघाचं, पडद्यावरचं... खरंच माझ्यात होतं?"

"तुमच्यातच," मी म्हणाले, आणि मास्कआड रडले, काय लपवायचं.