केवळाबाईनं चोरलेले खेळ

निलंग्याच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या एका गावाच्या दोन वाड्या. मध्ये ओढा. वरच्या वाडीच्या अंगणवाडीत केवळाबाई सेविका, खालच्या वाडीच्या अंगणवाडीत तिची धाकटी जाऊ तनुजा. केवळाबाईची नोकरी वीस वर्षांच्या वरची. वाडीतली निम्मी तरणी पोरं तिच्या हातची खिचडी खाऊन मोठी झालेली, त्यामुळं ती कुणाचाही कान भर रस्त्यात धरू शकत असे. तनुजा खूप मागून लागली, आणि तिला अर्ज करायलाही केवळाबाईनंच सांगितलेलं. हे केवळाबाई कुणाला विसरू देत नसे. तनुजा स्वतःही विसरत नसे. भेटली की आधी वाकून लिंगायतांच्या रीतीनं "शरणार्थी, अक्का" म्हणायची.

तर लातूरची एक संस्था तालुक्यात आली. आईबापांनी लहान लेकरांशी रोज बोललं, खेळलं, तर लेकरांची वाढ खरंच किती सुधारते हे त्यांना तपासून बघायचं होतं. त्यांनी वाड्यांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एका वाडीत कार्यक्रम होणार, दुसरीत नुसती लेकरांची तपासणी. दोन वर्षांनी दोन्हीकडची लेकरं ताडून बघायची, आणि फरक दिसला तर कार्यक्रम सगळ्याच वाड्यांना द्यायचा. आधी कुणाला, ते चिठ्ठीवर ठरणार होतं. समाजमंदिरात माणसं जमली. वयानं मोठी म्हणून चिठ्ठी काढायचा मान केवळाबाईला मिळाला. तिनं महादेवाचं नाव घेऊन डोळे मिटून चिठ्ठी काढली. खालची वाडी!

संस्थेच्या ऋतुजाताईंनी तिला बाजूला घेऊन समजावलं, "मावशी, तुमच्या वाडीशी ताडून बघितल्याशिवाय आम्हाला काही कळणारच नाही. तुमचं काम तेवढंच मोलाचं आहे. तुम्ही फक्त नेहमीसारखं चालू ठेवा."

नेहमीसारखं! केवळाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं ऊन म्हटलं नाही, पाऊस म्हटला नाही, ते नेहमीसारखं. आणि काल आलेल्या तनुजाला लातूरला शिकायला बोलावणं, रंगीत चटया, वर गळ्यात ओळखपत्र. घरी येऊन तिनं भाकरी अशी थापली की परात वाजायला लागली.

"त्यांनी आधीच ठरवलं असंल," ती नवऱ्याला म्हणाली. "चिठ्ठीबिठ्ठी समदं ढोंग."

"चिठ्ठी तर तूच काढलीस की," शिवप्पा म्हणाला. त्या दिवशी त्याला कालवणात मीठ मिळालं नाही.

दर गुरुवारी खालच्या वाडीत आया लेकरं घेऊन जमायच्या. ओढ्यापलीकडून हसण्याचे आवाज यायचे आणि इकडं केवळाबाईच्या पोटात दुखायचं. शेवटी न राहवून तिनं तनुजाला गाठलंच.

"काय शिकवायलीस गं एवढं?"

"सांगायचं न्हाई म्हणलेत ताईंनी. वरच्या वाडीत गेलं तर ताडून बघता येत न्हाई म्हणं."

"आता सख्ख्या जावंलाबी सांगायचं न्हाई?"

"तुमाला तर मुळीच न्हाई म्हणलेत, अक्का," तनुजा खाली मान घालून म्हणाली.

आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, तसं मग सुरू झालं. गुरुवार आला की केवळाबाईच्या घरचं विरजण नेमकं संपायचं. वाटी घेऊन ती ओढा ओलांडायची आणि अंगणवाडीच्या मागच्या खिडकीखाली उभी राहायची. आत तनुजा वाटीखाली चिंचोका लपवून लेकरांना शोधायला लावायची. भाकरी करताना पोराच्या हातात पिठाचा गोळा द्या म्हणायची, रानात जाताना दिसेल त्याचं नाव सांगत जा म्हणायची. हे एवढंच? केवळाबाईला आधी हसू आलं. मग मनात आलं, हे एवढ्या वर्षांत आपल्याला का सुचलं नाही? हे दुसरं तिला लई लागलं.

आता तिची चूक सांगतो. या गावात वरून जे जे आलं ते स्पर्धा होऊनच आलं. स्वच्छतेची स्पर्धा, पाणी अडवायची स्पर्धा, भजनी मंडळांची स्पर्धा. एकाला ढाल मिळायची, दुसरा वर्षभर तोंड फिरवून बसायचा. दोन वाड्या समोरासमोर लावल्या म्हणजे एक जिंकणार आणि एक हरणार, हे केवळाबाईनं धरूनच ठेवलं. आपली लेकरं वरचढ निघाली की संस्था म्हणेल, चुकलंच आपलं, द्या त्या चटया केवळाबाईला.

मग ती कामाला लागली. जुन्या लुगड्यांच्या बाहुल्या शिवल्या, डब्यांत खडे घालून खुळखुळे केले. वाडीतल्या आयांना बसवून खिडकीतून पाहिलेलं सगळं करून घेतलं, आणि पुन्हा बजावलं, "तपासणीवाल्या बाया आल्या तर तोंडातून शब्द काढू नका." तनुजा आयांना शिकवते म्हणताना हिनं बापांनाही धरलं. मलप्पा नावाचा एक गडी लेकीला कधी मांडीवर घेत नव्हता, आणि पोरही मुकी मुकीच असायची.

"म्हशीशी बोलतूस तेवढं तरी लेकीशी बोल रे!" केवळाबाई पारावर सगळ्यांदेखत ओरडली.

मलप्पा लाजेकाजेस्तव बोलायला लागला. काही महिन्यांनी ती पोर त्याच्या खांद्यावर बसून रस्त्यातल्या प्रत्येक झाडाचं नाव ओरडत निघाली, तेव्हा केवळाबाईचे डोळे भरून आले. पण लगेच मनात आलं, खालच्या वाडीतल्या पोरी आत्तापर्यंत पाखरांच्या नावांवर गेल्या असतील. जळफळाटाचा एक गुण मानला पाहिजे, तो माणसाला बसू देत नाही.

दोन वर्षं झाली. शेवटची तपासणी होऊन गेली आणि पुन्हा समाजमंदिरात माणसं जमली. केवळाबाई ठेवणीतलं इरकल नेसून पुढं बसली. ऋतुजाताईंचा चेहरा मात्र उतरला होता.

"दोन्ही वाड्यांतली मुलं सारखीच पुढं गेली आहेत," त्या म्हणाल्या.

सारखीच! चटया नाहीत, शिकवणी नाही, तरी सारखी! केवळाबाईला वाटलं, आता उठून सगळ्यांकडं एकदा बघावं. पण ताई पुढं बोलतच होत्या. "म्हणजे कार्यक्रमामुळं काही फरक पडला असं म्हणता येत नाही. बाकीच्या जोड्यांत फरक आहे, पण थोडा. तुमची जोडी धरली तर तोही उरत नाही. पैसे देणारे हात आखडता घेत आहेत. पुढच्या वाड्यांचा कार्यक्रम बहुतेक होणार नाही." मग त्या चाचरत म्हणाल्या, "तनुजाताईंनी काम नीट केलं का, असंही वरून विचारलंय."

मागं कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, नुसतं ओळखपत्र घालून मिरवली. तनुजा पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. तिनं एकदाच मान वर करून जावेकडं बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

केवळाबाईला पेच पडला. गप्प बसलं तर तनुजाचं नाक कापलं जातं. देवा, हे तर दोन वर्षं मनात मागितलेलं! आणि बोलायचं, तर सगळ्यांदेखत म्हणावं लागणार की तनुजाचंच खरं होतं, आपण नुसती नक्कल केली. तेवढ्यात मलप्पाची पोर दाराकडं बोट करून बापाला काहीतरी सांगायला लागली. तालुक्यातल्या आणखी कितीतरी वाड्यांत ही आधी होती तशा मुक्या पोरी असतील, आणि त्यांना ना तनुजा मिळणार ना केवळाबाई, हे तिच्या ध्यानात आलं.

ती उठली. "ताई, तिच्या कामाला नावं ठेवू नका. फरक कसा दिसंल? तिचे समदे खेळ मी खिडकीतून चोरले आन् इकडं चालवले. आमची लेकरं पुढं गेली ती बी तिच्यामुळंच."

ऋतुजाताई मटकन खुर्चीत बसल्या. हातातले कागद पुन्हा चाळून म्हणाल्या, "मग तुमची जोडी हिशेबातून काढावी लागेल. मी वर कळवते. बाकीच्यांवर काही टिकतंय का बघू." आणि मग तनुजाकडं वळल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"हाव," तनुजा म्हणाली. "पहिल्याच महिन्यात खिडकीखाली वाटी दिसली. मग मी जरा मोठ्यानं बोलाय लागले. तुमाला सांगितलं असतं तर वरच्या लेकरांचं खेळणं बंद झालं असतं."

मग माणसांनी टाळ्या वाजवल्या. ऋतुजाताईंनी रागवायचं सोडून तिचा हात हातात घेतला, आणि मलप्पासारखा गडीही डोळे पुसायला लागला. सगळी सभा तनुजाकडं बघत होती. खरं बोलायला जिनं काळीज फाडलं, ती केवळाबाई तिथंच उभी होती, आणि बस असंही तिला कुणी म्हणालं नाही.

मेलीनं मोठेपणाही नेला, तिच्या मनात आलं. तरी टाळ्या थांबेनात, तेव्हा तीही वाजवायला लागली. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.