दादाच्या नावावरचा सोलो

मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात जुने चार्जर साठतात ना, तसे आमच्याकडे किस्से साठलेत. फेकायला काढले की कोणीतरी म्हणतं, "राहू दे बे, लागन कधी!"

दुकान जंगलपट्टीतल्या अहेरीतलं, माझ्या राजूदादाचं. मी आठवीत शाळा सोडली आणि त्याच्या हाताखाली स्क्रू उघडायला बसलो. बाजाराच्या दिवशी दुपारून आम्ही चौघं जमायचो. दादा, मी, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर बंडूभाऊ आणि वनमजूर मडावी. जुनं रॉक लावायचं, गिटारचे सोलो, म्हणजे एकट्या गिटारीचे तुकडे, ऐकायचे आणि भांडायचं. या जंगलात गिटार कोणाला कळते, असं विचारू नका. आम्हाला कळते!

आमचा एक कायदा होता. जो सोलो ज्याच्या जिवाचा, तो त्याच्या नावावर. शेतासारखा. तो त्यानंच लावायचा, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. आणि नावावर करून घ्यायचा तर ऐकून झाल्यावर अशी एक गोष्ट सांगायची, जी त्याबद्दल आधी कोणी सांगितली नाही.

*

बंडूभाऊंना सगळी गिटार घाटरस्त्यासारखी दिसते. "इथी गिअर बदलला पाहा!" "आता उतार लागला!"

एकदा मी एक भन्नाट फास्ट सोलो आणला. वाजवणाऱ्याची बोटं दिसतच नव्हती. संपल्यावर मी छाती फुगवून म्हटलं, "बोला भाऊ!"

बंडूभाऊंनी सुपारी कातरली. "गाडी मस्त पळवते पोट्टा. पण एकही स्टॉप घेतला नाई त्यानं. पॅसेंजर कुठी चढन?"

तो सोलो आजपर्यंत कोणाच्याही नावावर नाही!

*

एक बाई मेमरी कार्ड घेऊन आल्या. पोराची हळद होती, नाचायची गाणी पाहिजे होती. दादानं भरून दिली. थोडी जागा उरली, तर त्यात गिटारचा एक लांबलचक सोलोही टाकला.

मी म्हटलं, "दादा, त्याहिनं मांगितला का?"

"जागा रिकामी काऊन ठेवाची?"

हळदीला मी जेवायला गेलो. डीजेवर नेमका तोच लागला. मी ताट घेऊन मांडवाच्या मागं सरकलो. पण नाचणाऱ्या आज्या काही थांबेनात! गिटार हळू झाली की आज्या हळू, गिटार चढली की आज्यांचे हात वर.

दुसऱ्या दिवशी त्या बाई तरातरा दुकानात आल्या. मी काउंटरखाली.

"भाऊ, ते बिनाशब्दाचं गाणं मायाही मोबाइलात टाका. पण जरा लांबवून टाका. आमची मामी रंगात आली अन् संपलं ना जी!"

*

सोलो चालू असताना बोलायचं नाही, हा पोटकायदा. मोडला तर चहा पाजायचा.

एका दुपारी डोळे मिटून ऐकत होतो. वास यायला लागला. मला वाटलं शेजारी कोणी कचरा पेटवला. शेवटचा सूर विरला, दादानं डोळे उघडले, तर गरम सोल्डरिंग आयर्न टेबलावर पडलेलं आणि प्लायवूडमधून धूर!

मडावीनं पाणी ओतलं. मग शांतपणे म्हणाला, "मी मघापासून पाहून राह्यलो होतो."

दादा ओरडला, "मंग सांगतलं काऊन नाई?"

"चहा कोन पाजन?"

*

माझं डोकं लवकर तापतं. एक साहेब फोन घेऊन आले. मी फोन उघडला, एकेक भाग टेबलावर मांडला. मागं मडावीच्या नावावरचा सोलो चालू होता. एकदम संथ, एकेक सूर थांबून थांबून येणारा. साहेब म्हणाले, "हे रडगाणं बंद कर आधी."

मी सगळे भाग प्लास्टिकच्या पिशवीत भरले आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.

दादा मागून धावत आला. "बबल्या, हाकल त्याहिले, पण फोन तं जोडून दे!"

*

यंदा पोळ्यानंतर दादाला ताप आला. मलेरिया डोक्यात गेला. चार दिवसांत दादा गेला. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा होता. एवढंच लिहितो. जास्त लिहिलं तर हा मोबाइल मी भिंतीवर फेकीन.

दादाच्या नावावरचा सोलो मैदानातल्या जुन्या कार्यक्रमाचा आहे, चांगला पंधरा-वीस मिनिटांचा. मधेच एक तार तुटते. वाजवणारा थांबत नाही, उरलेल्या तारांवर गाडी पार नेतो.

दुकान उघडलं, बाजाराचा दिवस आला. बंडूभाऊ म्हणाले, "बबल्या, राजूचा सोलो तुया नावावर करून घे."

"नाई."

"मंग माया नावावर कर."

मी उठलो आणि अर्धं शटर ओढलं. "निघा दोघंही! तो दादाचा हाय. दादाच्याच नावावर राहीन!"

दोघं हलले नाहीत. मडावी म्हणाला, "राहू दे त्याच्या नावावर. पण लावणारा कोन? मंग तो या दुकानात पुन्हा कधीच लागत नाई."

मी शटर पुन्हा वर केलं. तेव्हापासून आम्ही जमायचो, बाकीचे सोलो लावायचो, भांडायचो. पण तो नाही.

*

मागच्या बाजाराला हाच वाद पुन्हा पेटला. माझा आवाज चढला. आमचं घर दुकानाच्या मागंच, मधे एक भिंत. आई मागच्या दारानं आत आली. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच.

"का झालं? काऊन बोंबलून राह्यला?"

बंडूभाऊंनी सगळं सांगितलं. नावावर करायचा कायदाही सांगितला. आई दादाच्या स्टुलावर बसली.

"लाव."

"आई, नको."

"लाव म्हनलं ना!"

मी लावला. आई पंख्याकडे बघत होती. तार तुटली. गिटार पुढं गेली. लोकांच्या टाळ्या झाल्या, संपलं.

बंडूभाऊंनी घसा साफ केला. "बाई, का आयकलं तुमी?"

"मले गिटारीतलं का समजते भाऊ? रोज सात वाजता राजू हे लावे. भिंतीतून आवाज आला का मी चुलीवर भात मांडो. हे संपलं का आच काढो. बरोबर होये." ती उठली, पदर सारखा केला. "आता दोन महिने झाले, भात कधी कच्चा राह्यते, कधी लागते."

मडावी खाली बघत म्हणाला, "बाईच्या नावावर."

बंडूभाऊ म्हणाले, "बाईच्या नावावर."

आई मागच्या दारापर्यंत गेली आणि वळली.

"बबल्या, सात वाजता लावजो. अन् जोऱ्यानं लावजो!"