पोत्याला टेकून

सास्तूरला शेजारच्या घरी मी रोज दिवेलागणीला दुधाला जातो. त्या घरचा धनी दुबईत क्रेन चालवतो, तरी माझी त्याची भेट रोज होते. वसरीत चुलीसमोर ज्वारीचं पोतं आहे. त्याची बायको व्हिडिओ कॉल लावून मोबाईल पोत्याला टेकवून ठेवते आणि भाकरी थापायला बसते. आपल्याकडं अंधारून आलेलं असतं, त्याच्या तोंडावर मात्र अजून ऊन असतं.

मला बघून तो "आलाव का, मास्तर?" एवढंच म्हणतो. बायकोनं काही विचारलं की "तुझं चालू दे" म्हणतो आणि नुसता बघत राहतो. धूर वर जातो, गाय रवंथ करते, तव्यावर भाकरी फुगते. मध्येच तो स्वतःशी हसतो.

परवा तो सुट्टीवर आला. मी दुधाला गेलो, तर मोबाईलच्याच जागी, पोत्याला पाठ टेकून बसलेला. आता त्याच्याही तोंडावर अंधार होता.

"अवो, असं लांब काय बसलाव? हिकडं या की," बायको म्हणाली. "भाकर गरम हाय."

तो जागचा हलला नाही.

"ऱ्हाऊ दे," हळूच म्हणाला, "हितनं समदं दिसतंय."