बंदुकीचा मुक्काम

कुठल्याही गावात गाडी शिरली की इंजिनवाले आबा आधी पाणी पीत नसत. ज्याचं इंजिन बंद पडलं म्हणून आम्हाला बोलावणं आलेलं असे, तो बिचारा विहिरीपाशी डोळ्यांवर हात धरून वाट बघत उभा असायचा. आबा त्याच्यासमोरून सरळ पोलीस पाटलाच्या ओट्यावर जायचे आणि म्हणायचे, "राम राम पाटील. बंदूक उनी."

म्हणजे बंदूक आली. स्वतः आल्याचं ते कधी सांगत नसत. ते पाटलाला दिसतच होतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची सातआठ वर्षं मी आबांची लॉरी चालवली. मी तळकोकणातला. मराठी चौथीतून शाळा सुटली ती सुटलीच, पुढे एका मोटारमालकाकडे गाडी शिकलो आणि पोटामागे इतका लांब, खानदेशात आलो, की आईचं पत्र यायला आठ दिवस लागत. आबांना विहिरीवरचं, कापसाच्या जिनातलं, कुठलंही तेलाचं इंजिन नुसत्या कानाने कळे. पण गाडी चालवता येत नसे. "एक जागावर बसेल इंजिन मनं ऐकस," ते म्हणत, "पळणारं नही ऐकत." म्हणून त्यांना माझी गरज होती. मला त्यांची किती होती, ते तेव्हा कळत नव्हतं.

लॉरी हेच आबांचं घर. जळगावजवळ मेहरूणला त्यांचं दोन खणांचं घर होतं, पण त्यांची बायको, आमच्या अक्का, वारल्यावर आबांना तिथे झोप येईना. घर त्यांनी विधवा बहिणीला देऊन टाकलं आणि स्वतः गाडीत राहायला आले. आत दोन बाकडी, एक स्टोव्ह, पितळी सुट्या भागांच्या पेट्या आणि मधोमध ती बंदूक. सातपुड्याच्या पायथ्याच्या रस्त्यांवर जनावरांचं भय होतं, आणि पितळेवर नजर ठेवणारी माणसंही होती. म्हणून आबांनी रीतसर लायसन काढलं होतं.

बंदुकीची व्यवस्था बघून मला पहिल्या दिवशी घाम फुटला होता. गाडीच्या तळाला बोल्टांनी जखडलेली लोखंडी पेटी. तिच्यात बंदूक, तीही दोन तुकडे करून, तेलाच्या फडक्यात. काडतुसं निराळ्या डब्यात, डबा गाडीच्या दुसऱ्या टोकाला. पेटीची किल्ली आबांच्या करदोट्याला आणि डब्याची किल्ली माझ्या गळ्यात. मी म्हटलं, "आबा, मला नको. मी धांदरट आहे." आबा म्हणाले, "म्हनीसनच तुले. एक माणूसनं डोकं फिरनं तरी बंदूक फिराले नको."

मी रात्री तीनदा उठून ती किल्ली चाचपायचो. ही सवय मला अजून आहे. आता गळ्यात किल्ली नसते, तरी हात जातो.

यावलच्या पुढे एका वळणावर भर दुपारी बिबळ्या रस्त्यात बसलेला दिसला. आबांनी पेटी उघडली, तुकडे जोडले आणि हात मागे केला, "काडतूस दे." माझी किल्ली सदऱ्याच्या बटणात अडकली. मी ओढतोय, दोरा गळ्याला काचतोय, बिबळ्या आमच्याकडे बघतोय. शेवटी आबाच म्हणाले, "राहू दे कोकण्या, फास बसी तुले. भोंगा वाजाड." मी भोंगा दाबला. बिबळ्या कंटाळल्यासारखा उठला आणि केळीच्या बागेत निघून गेला. पुढच्या गावात आबा सगळ्यांना सांगत होते, "बंदूक व्हती म्हनीसन भोंगा वाजाडाना धीर उना."

पाटलाच्या सहीची वही गाडीत ठेवायची, हीसुद्धा आबांचीच रीत. कायद्यात असं कुठे लिहिलेलं नव्हतं. गावात आल्यावर "बंदूक उनी, काडतुसं बारा" आणि निघताना "बंदूक गई, काडतुसं बारा". खाली पाटलाची सही, सही येत नसेल तर अंगठा. लिहायचं काम माझं. सुरुवातीला मी काडतुसं हा शब्द चार ओळींत चार तऱ्हांनी लिहिला. आबा स्वतः कसंबसं वाचायचे, पण माझं अक्षर बघून म्हणाले, "हाई काय शे? कोंबडी चालनी का वहीवर? साहेब वाची तं बंदूकले लाज वाटी." मग रोज संध्याकाळी भाकर भाजून झाली की मी एक पान गिरवायचो आणि ते चिमणीची वात वर करून बघायचे. जी शाळा माझी गावी सुटली, ती इथे चाकांवर पुन्हा भरली.

एक गोष्ट मात्र कायद्यातच होती. आबांचं लायसन पूर्व खानदेशापुरतं होतं. पश्चिम खानदेशात, धुळ्याकडे किंवा शिंदखेड्याला काम निघालं की आबा अमळनेरच्या नाहीतर पारोळ्याच्या ठाण्यात बंदूक जमा करत, पावती घेत आणि परतताना सोडवून आणत. लोक हसायचे. आबा म्हणायचे, "बंदूक मनी शे, पन तो जिल्हा तिना नही."

हे सगळं मला पाठ होतं आणि तरीही मी ते विसरलो. पारोळ्याला आबांना हिवतापाने गाठलं. अंग चुलीसारखं तापलं, बरळायला लागले. मी घाबरलो. धुळ्याला चांगला डॉक्टर आहे एवढंच डोक्यात होतं. आबांना बाकड्यावर निजवलं आणि गाडी सोडली. ठाण्यावरून गेलो, पण ठाणं दिसलंच नाही. फागण्याजवळ धक्का बसला तसे आबा जागे झाले.

"कोनतं गाव शे?"

"फागणे, आबा. आलंच धुळं."

आबा कोपरावर टेकून उठले. मग म्हणाले, "पेटी?"

मी गाडी थांबवली. मला रडू आलं. मी म्हटलं, "मागे फिरतो. कुणी बघितलेलं नाही."

"तू देखं ना? मी देखं ना?" आबा म्हणाले. "चाल पुढे. आधी ठाणं, मंग डाक्टर."

घोंगडी पांघरून, माझ्या खांद्यावर भार टाकून ते धुळ्याच्या ठाण्यात गेले आणि फौजदाराला म्हणाले, "बंदूक उनी. येवाले नको व्हती." मी मधे पडलो, चूक माझी आहे म्हणालो. आबांनी मला गप्प केलं, "लायसनवर तुनं नाव नही." फौजदाराने बंदूक जमा केली, कागद लिहिला आणि आबांना स्वतःच्या टांग्यातून डॉक्टरकडे धाडलं. पण कागद तो कागदच. तो जळगावला गेला.

वर्ष संपत आलं होतं. लायसन नवं करायला आम्ही जळगावच्या कचेरीत गेलो, तेव्हा तो कागद आमच्या आधी येऊन बसलेला होता. कारकून माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "आबा, एक तर दुसऱ्या जिल्ह्यात बंदूक नेली. वर तुम्हाला ना घर ना शेत. लायसन काय चाकांवर द्यायचं? असं करा, मेहरूणचं घर लिहा. मी मागचं सांभाळून घेतो."

मला वाटलं, सुटलो. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तठे मनी बहीण राहस. बंदूक तठे एक दिवस राहेल नही."

"अहो, कोण बघायला जातंय?"

"तेच तं," आबा म्हणाले. "कोनी देखाले जात नही, म्हनीसन खोटं घर नको."

कारकुनाने कपाळाला हात लावला आणि आम्हाला आत डेप्युटी साहेबांपुढे उभं केलं. लायसन गेलं तर आबा सातपुड्याची ती वाट सोडणार, आणि वाट सुटली तर त्यांना दुसरं घर नाही, हे मला दिसत होतं. साहेबांनी कागद वाचला. "राहता कुठे?" आबांनी माझ्याकडे बोट केलं. मी वही पुढे ठेवली.

साहेब पानं उलटत राहिले. चोपडा, यावल, रावेर, केळीच्या पट्ट्यातली लहान लहान गावं, कापसाची गावं. सह्या, अंगठे, एका पाटलाचा तर हळदीचा अंगठा, कारण त्या दिवशी त्याच्या मुलीचं लग्न होतं. सगळीकडे बारा. शेवटच्या पानावर, फागण्याच्या दिवसाखाली, आबांनी मला लिहायला लावलं होतं : "आज चुकलो."

"अक्षर कुणाचं?" साहेबांनी विचारलं.

"माझं," मी म्हटलं.

"कुठल्या शाळेत होतास?"

मी काही बोलायच्या आत आबा म्हणाले, "गाडीमा."

साहेब हसले. लायसन नवं झालं, आणि या वेळी दोन्ही खानदेशांचं झालं. राहण्याचं ठिकाण या रकान्यात कारकुनाने स्वतः लिहिलं : मोटार लॉरी, मुक्काम वहीप्रमाणे. बाहेर आल्यावर आबांनी मला जिलबी खायला घातली आणि म्हणाले, "देख, तुले आते सरकारी घर भेटनं."

पुढे युद्ध आलं, पेट्रोल मिळेनासं झालं. लॉरी मेहरूणच्या तळ्याकाठी उभी राहिली आणि आबांचे हात कापायला लागले. एके दिवशी ते आपण होऊन बंदूक जमा करायला ठाण्यात गेले. "हात कापाले लागना म्हनजे बंदूक आपली नही." मी गळ्यातली किल्ली काढून दिली आणि वहीत लिहिलं, "बंदूक गई, काडतुसं बारा." इतक्या वर्षांत एकही कमी झालं नव्हतं.

मला त्यांनी अमळनेरच्या तेलाच्या गिरणीत चिकटवून दिलं. तिथे मी आधी गाडीवर होतो, नंतर गोदामाचा नोंदकारकून झालो. चौथी नापास माणसाला लिहिण्याची नोकरी. आई म्हणायची, देवाने दिली. मी तिचं बोलणं कधी खोडलं नाही.

आबा गेल्याचं कळलं तेव्हा मी पहिल्या गाडीने मेहरूणला गेलो. सगळं उरकल्यावर त्यांच्या बहिणीने वही माझ्या हातात ठेवली. मी ती घेऊन पाटलाच्या ओट्यावर गेलो आणि तिथेच बसून, अक्षर सांभाळून, लिहिलं : "आबा गयात."

म्हाताऱ्या पाटलाने चष्मा लावून ओळ वाचली. टाक हातात घेतला आणि सवयीने विचारलं, "आनि बंदूक?"

"ती आधीच जमा आहे," मी म्हटलं.

मग त्याने सही केली.