भाईंनी जुळवलेली कादंबरी

“जुळवून देतो, पण माणूस असा रडत नाय, साहेब,” असं म्हणत भाई हस्तलिखिताचं पान समोर टाचायचे आणि अक्षरांचे शिशाचे खिळे वेचू लागायचे.

ठाकूरद्वारच्या छापखान्यात मी मुद्रितं तपासायचो, भाई खिळे जुळवायचे. काठियावाडातून आलेला हा माणूस वीस वर्षं मराठी अक्षरं उलटी वाचत होता. बोलताना लिंगांचा घोळ व्हायचा. जुळवताना अनुस्वारही हलत नसे.

त्या वर्षी एक मोठे कादंबरीकार आमच्याकडे येत. विषय थोर होता: मुंबईत आलेल्या परप्रांतीय मजुराचे हाल. नायक लालबागच्या फुटपाथवर झोपायचा आणि दर तिसऱ्या पानाला चंद्राशी बोलायचा.

“लालबागला जाऊन आला काय?” भाईंनी एकदा विचारलं.

“लेखकाला जावं लागत नाही. जाणावं लागतं.”

गिरगावातून लालबाग तसं लांबच म्हणा.

“मी आला तेव्हा जिन्याखाली झोपायचा. चंद्र नाय दिसायचा. वरून बाई पाणी टाकायची.”

“वा!” कादंबरीकारांनी वही काढली. “कसलं पाणी?”

“आंघोळीचा असेल. गरम होता.”

संयुक्त महाराष्ट्राची चळवळ तापली होती. गोळीबारात माणसं गेली होती. राग खरा होता. एका दुपारी सात-आठ पोरं छापखान्यात शिरली. मालक बाहेर गेलेले.

“इथं गुजराती कोण आहे?”

कादंबरीकार माझ्या टेबलाशी बसून, जमाव नायकाला घेरतो ते प्रकरण वाचत होते. “मी नुसता मुद्रितं बघायला आलोय,” ते घाईने म्हणाले. मी मान खाली घालून ऱ्हस्व-दीर्घ शोधू लागलो. इतक्या बारकाईने मी आयुष्यात कधी मुद्रितं तपासली नाहीत.

पोरांनी भाईंना ‘संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ ही घोषणा द्यायला लावली. भाईंनी तीनदा दिली. त्यांच्या उच्चारांना पोरं हसली, एकाने खिळ्यांची पेटी जमिनीवर उलटी केली आणि मंडळी महाराष्ट्र मिळवायला पुढे गेली.

भाई गुडघ्यांवर बसून खिळे वेचू लागले. कादंबरीकार त्यांच्याजवळ वाकले. मला वाटलं, वेचायला.

“त्या क्षणी तुला आत नेमकं काय वाटलं रे?”

“पायाखाली ‘क्ष’ आला होता. तुटेल असा वाटला.”

एवढी वेदना त्यांना पुरली नाही. घरी जाऊन त्यांनी आणखी चार पानं लिहिली. ती जुळवली भाईंनीच. त्यांत एक तरुण मुद्रितशोधक जमावासमोर उभा राहून गरजतो, “हा आमचा माणूस आहे! आधी मला मारा!”

भाईंनी ते मुद्रित माझ्या पुढ्यात ठेवलं. मी दोनदा वाचलं. चूक एकही नव्हती. सही केली.

दुसऱ्या दिवसापासून भाई आले नाहीत. पंधरवड्याने त्यांच्या खोलीवर गेलो, तर दाराला कुलूप.

“गावी गेले ते,” शेजारीण म्हणाली. “फार लवकर चौकशीला आलात हो.”

कादंबरी गाजली. तुम्हीही वाचली असेल, रडलाही असाल. वाचनालयात तिच्यासाठी नंबर लागायचे. उपऱ्यांच्या दुःखावर आमची चाळ दुपारभर डोळे पुसायची आणि खाली कोणी भय्या जिन्यात टेकला की त्याला हाकलायला तेवढ्यापुरती उठायची.

“तो शूर मुद्रितशोधक तुमच्यावरूनच घेतलाय ना?” आमच्या मजल्यावरच्या काकूंनी मला विचारलं.

तुम्ही काय म्हणाला असता? मी नुसता हसलो. काकूंनी माझ्या हातावर पेढा ठेवला.

मी तो खाल्ला. चांगला होता.