लेकरांच्या छातीतला आवाज

कानात स्टेथोस्कोप असला की बाहेरचं काही ऐकू येत नाही. तो गळ्यात उतरवला की सुरू होतात गोष्टी! यवतमाळ जिल्ह्यातल्या अंगणवाड्या आणि शाळांमध्ये मी मुलं तपासत फिरते. सोबत पुष्पा सिस्टर आणि एक खडखडणारी जीप. एखाद्या लेकराच्या छातीत 'लब-डब'च्या मध्ये फुसफुस ऐकू आली की त्याला पुढच्या तपासणीला पाठवायचं. काहींच्या हृदयाच्या मधल्या पडद्याला जन्मापासून छिद्र निघतं. मुलं नागपूरला जातात, बरी होऊन येतात. किस्से मात्र माझ्याकडेच राहतात.

* * *

दारव्ह्याकडच्या एका गावात मी एका बापाला छिद्र समजावत होते. हृदयाचे कप्पे, शुद्ध रक्त, अशुद्ध रक्त, वहीत चित्रसुद्धा काढलं. बाप नुसता मान हलवत होता. शेवटी बाजूला बसलेले आजोबा वैतागले.

"अबे, दोन वावरांमधला धुरा फुटला न इकडचं पानी तिकडे घुसून राह्यलं. तिकडचं वावर चिभडून चाललं. एवढंच हाय ना बाई?"

एवढंच होतं! धुरा म्हणजे शेताचा बांध, इथे हृदयातला पडदा; आणि जास्तीच्या पाण्यानं चिभडणारं तिकडचं वावर म्हणजे फुप्फुसं. त्या दिवसापासून मी चित्र काढणं सोडलं, धुराच सांगते.

आर्णीला एका शेतकऱ्यानं मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि काळजीनं विचारलं, "धुऱ्याचं काम हाय म्हनता... मंग मोजणीवाला बोलवा लागन का?"

* * *

लहान छिद्रं पुष्कळदा वाढत्या वयात आपोआप बुजतात. तेव्हा आम्ही औषध देत नाही, फक्त लक्ष ठेवतो. हे पटवणं सगळ्यात अवघड! एक आजी तर भडकलीच. "एवढ्या लांबून आलो, न साधी गोळीबी नाई?"

दीड वर्षानं नातवाची इको केली, तर छिद्र बंद. आजी म्हणाली, नवस फळला. आई म्हणाली, डॉक्टरचा हातगुण. चार वर्षांच्या ओमनं दोघींकडे पाहिलं आणि म्हणाला,

"मी रोज शर्टाचं वरचं बटन लावत होतो!"

* * *

काही छिद्रांसाठी छाती उघडावी लागत नाही. मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी नेऊन एक छोटीशी जाळीदार चकती बसवतात. लोकांना कळावं म्हणून आम्ही तिला 'छत्री' म्हणतो. चूक आमचीच.

दुसरीतल्या राणीला अशी छत्री बसली. पुढच्या पावसाळ्यात तिच्या गुरुजींचा फोन आला.

"मॅडम, पोट्टी पावसात उभी हाय. आत चल म्हटलं त म्हनते, मले काई होत नाई, माह्या आत छत्री हाय!"

* * *

सगळेच किस्से हसण्याचे नसतात.

एका अंगणवाडीत तीन महिन्यांचं बाळ आलं. वजन वाढतच नव्हतं. बोलत होती फक्त सासू. "दूध नीट पाजत नाई. पहिलटकरीन हाय, तिले काय समजते!" सून खाली मान घालून बसलेली. मी मुद्दाम तिलाच विचारलं, "तुला काय वाटतं गं?"

ती इतकी हळू बोलली, की मला वाकावं लागलं. "थोडंसं पेते न दम लागते. कपाळाले घाम येते. एवढ्या थंडीत."

मी बाळाच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि त्याच जीपनं तिघांना घेऊन निघाले. छिद्र मोठं होतं. बाळ काही दिवस औषधांवर राहिलं, मग ऑपरेशन होऊन सुखरूप घरी आलं.

पुढच्या फेरीत पाहते, तर सासूबाई ओट्यावर बायकांना सांगत होत्या, "आमच्या सुनेनं पकडलं. कानाले नळी न लावता!"

सून तेव्हाही खालीच पाहत होती. पण हसत होती.

* * *

महागाव तालुक्यातल्या एका तांड्यावरची पूजा आज शाळेच्या शर्यतीत सगळ्यांच्या पुढे पळते. ती दीड वर्षाची होती, तेव्हा चार पावलं चालली तरी बसायची. उशीर झाला तर फुप्फुसं कायमची बिघडतील, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. आईबाप तयार होते. आजी सोनीबाई मात्र नाही म्हणजे नाही! तीन वेळा आमची जीप रिकामी परतली.

चौथ्यांदा ती म्हणाली, "टाके घालनारा कोन हाय, त्याले मले आधी पाहू दे."

नेलं तिला नागपूरला. सर्जन नुकतेच ऑपरेशन आटोपून बाहेर आले होते, थकलेले. सोनीबाईनं त्यांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग पिशवीतून सुईदोरा आणि कापडाचा एक फाटका तुकडा काढून त्यांच्यापुढे धरला.

"शिव."

मी तर शरमेनं अर्धी झाले. सर्जननी सुईदोरा हातात घेतला. खुर्ची ओढली, चष्मा लावला आणि सात-आठ टाके घातले. बारीक, एकसारखे.

मी घाईघाईनं म्हटलं, "पाहा याडी, किती सुंदर!" याडी म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत आई. तिनं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कापड उलटं केलं आणि मागच्या बाजूनं टाक्यांवर अंगठा फिरवत राहिली.

"वरून त सारेच चांगलं शिवते," ती म्हणाली.

मग कापडाची घडी करून कमरेला खोचली.

"किती वाजता आनू पोरीले?"